फोर्ड मॉडेल टी: आरसी बुकातलं १९१३ आणि इंजिनावरचं साल

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कागद हातात आले. १९५०च्या दशकातलं आरसी बुक, कडा वाळवीने खाल्लेल्या, आत निळ्या शाईत ‘फोर्ड, १९१३’ आणि सहा आकडी इंजिन नंबर. चेसिस नंबराच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. गाडी सातारा जिल्ह्यातल्या एका वाड्याच्या पागेत होती आणि तिचं इंजिन उतरवून शेजारी लाकडी ओंडक्यांवर ठेवलेलं. व्हिंटेज गाडी म्हणून नोंद करण्याच्या अर्जात निर्मितीचं साल आणि मॉडेल खात्रीने भरायचं, एवढंच काम होतं. त्यात मार्चअखेर उजाडली. प्रत्यक्ष कामाचे दिवस नऊ, बाकी सगळी वाट पाहणी. ज्यांच्याकडे असंच एखादं जुनं फोर्ड इंजिन पडून आहे, त्यांची निदान चुकीच्या तक्त्यात जाणारी दोन-तीन आठवड्यांची पायपीट वाचावी, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

पहिला प्रश्न सालाचा नाहीच. हे इंजिन खरोखर मॉडेल टीचं आहे का, हा आहे. आपल्याकडे वाड्यांतून निघणाऱ्या प्रत्येक जुन्या फोर्डला ‘टी मॉडेल’ म्हणायची रीत आहे आणि त्यात बऱ्याचदा टीनंतर आलेली मॉडेल ए निघते. मोजमापाने हा गोंधळ दहा मिनिटांत मिटतो. टीचा सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) पावणेचार इंच, म्हणजे ९५.२५ मिमी, आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) चार इंच, म्हणजे १०१.६ मिमी. चारही सिलिंडर एकाच बिडाच्या ओतीव ब्लॉकमध्ये, हेड, म्हणजे ब्लॉकचं वरचं झाकण, वेगळं काढता येणारं, त्याला १५ बोल्ट. एकूण घनफळ साधारण २.९ लिटर, ताकद २० अश्वशक्ती. मॉडेल एचा बोअर पावणेचारपेक्षा एक अष्टमांश इंच जास्त आणि स्ट्रोक सव्वाचार इंच. बोअरवर एकट्यावर विसंबू नका. शंभर वर्षांत इंजिन दोन-तीनदा रिबोअर झालेलं (सिलिंडर आतून कातून मोठे केलेलं) असू शकतं आणि झिजून वाढलेला बोअर भलत्याच मॉडेलकडे बोट दाखवतो. स्ट्रोक मात्र क्रँकशाफ्टवर ठरलेला असतो, तो झिजून बदलत नाही. आमचा बोअर ९६ मिमीच्या थोडा पुढे भरला, स्ट्रोक बरोबर चार इंच. टी नक्की झाली.

हेड काढताना मिमीचे पाने वापरू नका, बोल्टची डोकी गोल होतात. इंची पान्यांचा सेट लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून जुना, वापरलेला सेट बाराशे रुपयांत मिळाला. बोल्टच्या मुळाशी डिझेल आणि गिअर ऑइल निम्मंनिम्मं मिसळून तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सोडत राहिलो. १५ पैकी १४ बोल्ट सुटले. पंधरावा तुटेल असं वाटलं तेव्हा हात थांबवला, आणखी दोन दिवस मुरू दिलं, मग तोही आला. घाई केली असती तर ब्लॉकमध्ये अडकलेलं बोल्टचं बूड काढायला लेथवाल्याकडे जावं लागलं असतं.

आता नंबर. साधारण १९१३ पासून पुढच्या टी इंजिनांवर तो एकाच ठिकाणी सापडतो: इंजिनाच्या डाव्या बाजूला, रेडिएटरकडून पाणी ब्लॉकमध्ये शिरतं त्या तोंडाच्या लगेच वर, एका उठावाच्या पट्टीवर. डावी बाजू म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे पाहिलं की येणारी डावी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ती पलीकडची बाजू होते, म्हणून बरेच लोक चुकीच्या बाजूला शोधत बसतात. १९१३ च्या आधी ही जागा बदलत राहिली, तेव्हा इंजिन त्याहून जुनं वाटत असेल तर पूर्ण ब्लॉक तपासा.

ही पट्टी हेड गॅस्केटच्या, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ सीलच्या, खालीच येते. गॅस्केट गळायला लागलं की गंजाचं पाणी नेमकं नंबरावरून ओघळतं, त्यावर ऑइल, धूळ, मग कुणीतरी मारलेला रंग. आमच्या पट्टीवर रंगाचे तीन थर होते: वरती चंदेरी, मधे हिरवा, तळाशी काळा. इथे सगळ्यांत मोठी चूक होते. ग्राइंडरवरचा वायर ब्रश, छिन्नी, कानस, पॉलिश पेपर, यातलं काहीही त्या पट्टीला लावू नका. आकडे हाताने ठोकलेले असतात, त्यांची खोली फार नसते, आणि घासलेली पट्टी पुढे तपासणीत दिसली तर नंबराशी छेडछाड केल्याचा संशय येतो. तो संशय कागदांनी सहज पुसला जात नाही. अर्धा लिटर पेंट रिमूव्हर (साडेतीनशे रुपये), पितळी तारांचा छोटा ब्रश (साठ रुपये), बांबूची चपटी काडी आणि डिझेलचं फडकं, एवढ्यावर काम होतं. रिमूव्हर लावायचा, वीस मिनिटं थांबायचं, काडीने थर उचलायचा, पुसायचं. आमच्याकडे असे सात फेरे झाले.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सहा आकडे वाचता आले. दोन लाखांच्या घरातला नंबर, आरसी बुकाशी जुळणारा. पूर्ण नंबर इथे देत नाही आणि तुम्हीही कुठे जाहीर टाकू नका. जुन्या गाड्यांच्या कागदांत त्याचा गैरवापर होऊ शकतो.

फोर्डने टी इंजिनांना सलग नंबर दिले आणि त्यांचे सालवार तक्ते छापील उपलब्ध आहेत. ऑक्टोबर १९०८ मध्ये ही गाडी बाजारात आली, २६ मे १९२७ ला दीड कोटीव्या गाडीचा समारंभ झाला. मधले टप्पे पाठ असलेले बरे: १० डिसेंबर १९१५ ला दहा लाख, २८ मे १९२१ ला पन्नास लाख, ४ जून १९२४ ला एक कोटी. या हिशेबात दोन लाखांच्या घरातला नंबर १९१३ मध्येच बसतो. तक्ता पाहताना तो कॅलेंडर वर्षाचा आहे की मॉडेल वर्षाचा, हे आधी बघा. फोर्डचं मॉडेल वर्ष साधारण ऑगस्टपासून सुरू व्हायचं, त्यामुळे ऑक्टोबर १९१६ मध्ये बनलेली गाडी ‘१९१७ मॉडेल’ म्हणवली जाते आणि दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर असतात.

तर आरसी बुक १९१३ म्हणत होतं, तक्ता १९१३ म्हणत होता. त्या रात्री काम संपलं असं वाटलं आणि घरच्या मंडळींना तसं सांगूनही टाकलं. ते सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूचा मळ काढताना ब्लॉकच्या पुढच्या टोकाला यंत्रावर सपाट केलेली जागा आणि बोल्टची भोकं उघडी पडली. ही डायनॅमोची (बॅटरी भरणाऱ्या यंत्राची) बैठक. टीला सेल्फ (विजेवर इंजिन सुरू करणारी मोटर) आणि डायनॅमो मिळाले १९१९ मध्ये, आधी बंद बॉडीच्या गाड्यांना आणि मग उघड्या गाड्यांना. त्याआधीच्या ब्लॉकवर ही बैठक नाहीच, कारण तिची गरजच नव्हती: गाडी हँडल मारून सुरू करायची आणि ठिणगीसाठी फ्लायव्हीलवरच्या सोळा चुंबकांची मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय वीज देणारी यंत्रणा, पुरायची. १९१३ चा ब्लॉक आणि डायनॅमोची बैठक या दोन गोष्टी एकत्र असूच शकत नाहीत.

पोटात गोळा आला. नंबर नंतर कुणी ठोकला असेल का, हा पहिला विचार. तसं असतं तर गाडीचे कागदच संशयात गेले असते.

कामात मदत करणारे मिस्त्री ओतकामात आयुष्य घालवलेले. त्यांनी पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, “दादा, नंबर मधोमध का नाही बसवला यांनी? डावीकडं येवढी जागा सोडतंय का कुणी?” खरंच, आकड्यांच्या डावीकडे बोटभर जागा मोकळी होती आणि तिथे काळ्या रंगाचा तळचा थर अजून चिकटलेला होता. आणखी दोन फेरे रिमूव्हरचे. मग खडूची पूड बोटाने चोळली, वरची फुंकरीने उडवली, खोलगट भागात राहिली ती राहू दिली. पागेचं दार लोटून अंधार केला आणि टॉर्च पट्टीला जवळजवळ टेकवून आडवा धरला. समोरून मारलेल्या उजेडात काही दिसत नाही. आडव्या उजेडात खड्ड्याच्या एका कडेला सावली पडते. त्या सावलीत एक अर्धगोल उमटला, उजवीकडे उघडा: इंग्रजी ‘सी’.

सगळा उलगडा त्या एका अक्षरात होता. फोर्डची कॅनडातली कंपनी १९०४ मध्ये डेट्रॉइट नदीच्या पलीकडे, ओंटारिओतल्या वॉकरव्हिलला सुरू झाली, आणि ब्रिटन सोडून उरलेल्या ब्रिटिश साम्राज्यात फोर्ड विकायचा हक्क तिच्याकडे होता. म्हणून हिंदुस्थानात आलेल्या टी गाड्या प्रामुख्याने कॅनडाच्या. पुढे १९२६ मध्ये मुंबईत फोर्डची भारतीय कंपनी निघाली तीही कॅनडाच्या कंपनीचीच शाखा. १९१३ पासून कॅनडाने आपल्या इंजिनांना स्वतंत्र नंबर द्यायला सुरुवात केली, पहिल्यापासून मोजून, आणि आधी ‘सी’ लावून. कॅनडाचं उत्पादन अमेरिकेच्या मानाने लहान, त्यामुळे तिकडच्या आकड्याला दोन लाख गाठायला कितीतरी वर्षं जास्त लागली. ‘सी’ गाळून तोच आकडा अमेरिकेच्या तक्त्यात पाहिला की गाडी सहा-सात वर्षांनी जुनी होते. आरसी बुक भरणाऱ्याच्या हाती बहुधा रंगाखालचा ‘सी’ लागलाच नव्हता. भारतात सापडलेल्या टीवर ‘सी’ दिसत नसेल तर तो नाही असं धरू नका, आधी डावीकडची जागा साफ करा. गंजामुळे तो कधी शून्यासारखा, कधी ‘जी’सारखाही दिसतो.

कॅनडाच्या तक्त्यात आमचा नंबर १९२० च्या आसपास येत होता. पण आता एका तक्त्यावर विश्वास टाकायची तयारी नव्हती. नंबराला बाजूला ठेवून नुसतं लोखंड काय सांगतं ते पाहायचं ठरवलं. यात एक क्रम पाळावा लागतो. ब्लॉकमध्येच ओतलेल्या गोष्टींचा पुरावा सगळ्यांत भक्कम, आतल्या गिअर आणि शाफ्टचा त्याखालोखाल, बाहेरून बोल्टने लावलेल्या वस्तूंचा सगळ्यांत कच्चा. कार्बुरेटर तर धरूच नका. किंग्स्टन, हॉली, कुठल्याही कंपनीचा कार्बुरेटर कुठल्याही टीवर बसतो आणि शंभर वर्षांत तो चार वेळा बदललेला असतो.

ब्लॉकपासून सुरुवात केली. वाल्व उजव्या बाजूला असतात. १९११ पर्यंतच्या इंजिनांत त्यांच्या स्प्रिंगा उघड्या दिसतात, त्यानंतर त्यावर पत्र्याची दोन झाकणं आली आणि १९२१-२२ च्या सुमारास दोनाच्या जागी एकच लांब झाकण आलं. आमच्या ब्लॉकवर दोन झाकणांची रचना, मधे बिडाचा दुभाजक. म्हणजे वरची मर्यादा मिळाली. १९२६ च्या सुधारित इंजिनात ब्लॉकच्या मागच्या टोकाला वरती दोन कान ओतलेले असतात, गिअरबॉक्सचं झाकण ब्लॉकलाही बोल्टने आवळता यावं म्हणून. तेही इथे नाहीत. खालची मर्यादा डायनॅमोच्या बैठकीने दिलीच होती.

मग पुढचं टायमिंग कव्हर, म्हणजे वाल्व चालवणाऱ्या गिअरवरचं झाकण, उघडलं. १९१९ पर्यंतच्या टायमिंग गिअरचे दाते सरळ, डायनॅमो आल्यापासून तिरपे. आमचे तिरपे निघाले. काळ्या चिकट ऑइलखाली दात्यांच्या कडा अजून शाबूत होत्या. गिअरबॉक्सच्या झाकणाला सेल्फ बसायची जागा होती, सेल्फ मात्र कधीच काढून नेलेला. त्या मोकळ्या भोकातून टॉर्च मारला तर फ्लायव्हीलवर सेल्फने पकडायचे दाते दिसले. ते झाकणही बिडाचं होतं. १९१५ पर्यंत ते अॅल्युमिनियमचं असायचं, त्यानंतर बीड आलं. चुंबक लावून बघितलं की झालं. हेड उंच प्रकारचं, पाण्याला जास्त जागा असलेलं, म्हणजे १९१७ मॉडेल किंवा नंतरचं. हा पुरावा एकटा असता तर मी मोजला नसता, कारण उंच हेड जुन्या ब्लॉकवरही बसतं आणि अनेकांनी ते बसवलेलं आहे. इथे तो बाकीच्यांशी जुळला एवढंच.

ओतकामाची तारीख शोधण्यात पूर्ण दिवस गेला. अनेक टी ब्लॉकवर ती उठावाच्या आकड्यांत असते. नंबर ठोकलेला, म्हणून खोलगट. तारीख साच्यातली, म्हणून वर आलेली. ती अमेरिकी पद्धतीने आधी महिना, मग दिवस, मग साल अशी वाचायची. ४ ११ १९ म्हणजे ११ एप्रिल, चार नोव्हेंबर नव्हे. तिची जागा वर्षागणिक बदलत गेली, म्हणून ब्लॉक इंचाइंचाने पाहावा लागतो. आमच्या ब्लॉकवर वाचता येईल असं काही उरलं नव्हतं. वाईट वाटलं. ती मिळाली असती तर महिन्यापर्यंत पोचता आलं असतं.

राहिली बदली ब्लॉकची शक्यता. फोर्ड बदली ब्लॉक नंबराशिवाय पुरवायचा आणि डीलरने त्यावर गाडीचा जुना नंबर ठोकायचा, अशी पद्धत होती. त्यामुळे १९१७ चा नंबर आणि १९२२ चा ब्लॉक अशी प्रामाणिक जोडीही सापडते, आणि तिथे गाडीचं साल नंबराचं, इंजिनाचं साल ब्लॉकचं, असं दोन्ही स्पष्ट लिहावं लागतं. आमच्याकडे नंबर, ब्लॉक आणि आतले गिअर तिघंही एकाच काळात येत होते, पट्टीवर घासल्याची खूण नव्हती, आकड्यांची घडण एकसारखी होती. मग चेसिस पाहिली. पायरीच्या फळीला धरणारे आडवे कंस तिथे घडीव लोखंडाचे होते. १९२०-२१ च्या सुमारास त्यांच्या जागी दाबून घडवलेल्या पत्र्याचे पन्हळी कंस आले. कॅनडातले बदल अमेरिकेच्या मागोमाग व्हायचे, कधी थोडे उशिरा, म्हणून यातून नेमकं साल काढलं नाही. विरोध करणारी खूण एकही नाही, हे महत्त्वाचं होतं. कागदावर लिहिलं: ‘फोर्ड मॉडेल टी, कॅनडा, १९१९ ते १९२१ दरम्यान, नंबरानुसार १९२०.’

घरात हे सांगणं जड गेलं. ‘१९१३ ची गाडी’ हे तीन पिढ्या सांगितलं गेलं होतं. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत १९०५ ते १९१८ अखेरपर्यंतच्या गाड्या ‘व्हेटरन’ गटात आणि १९१९ ते १९३० च्या ‘व्हिंटेज’ गटात मोडतात, म्हणजे गटही बदलला. पण गाडी जी आहे ती आहे, आणि १९२० ची, आपल्याच मूळ इंजिनासकट टिकलेली टी ही काही थोडी गोष्ट नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी अर्जाला हात घातला. जुलै २०२१ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात असलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज ठरते. अर्ज परिवहन पोर्टलवर, फॉर्म २० मध्ये. सोबत विमा, फी, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काचा आयातीचा कागद), आधी भारतात नोंदलेली असेल तर जुनं आरसी बुक. जुनी नोंद असलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो. नवी नोंदणी असेल तर ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. प्रमाणपत्र फॉर्म २३ए मध्ये, ६० दिवसांच्या आत द्यायचं असं नियम म्हणतो. या गाड्या रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाहीत.

अडचण दोन रकान्यांत आली. एक सालाचा, जुन्या नोंदीपेक्षा वेगळा. दुसरा चेसिस नंबराचा. टीच्या चेसिसवर वेगळा नंबर ठोकायला सुरुवात झाली ती १९२६ च्या मॉडेलपासून. त्याआधी इंजिन नंबर हाच गाडीचा नंबर. संगणकाला रिकामा रकाना चालत नाही आणि खिडकीवर प्रत्येक वेळी तोच प्रश्न: “चेसिस नंबर कुठाय?” तीन खेपा त्यात गेल्या. चौथ्या खेपेला दोन पानी टिपण नेलं: प्रत्येक खुणेचा फोटो, शेजारी पट्टी धरून, आणि खाली एका ओळीत ती खूण काय सांगते. पहिल्या पानावर नंबराचे दोन फोटो, एक साधा आणि एक आडव्या उजेडातला, शिवाय पातळ कागदावर शिसपेन्सिलीने घेतलेला छाप. शिसपेन्सिल मऊ हवी आणि कागद चिकटपट्टीने घट्ट बसवलेला, नाहीतर छाप दुहेरी येतो. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी स्वतःचा छाप घेतला, दोन्ही एकमेकांवर धरून उजेडासमोर पाहिले, ‘सी’वर बोट ठेवलं आणि मान हलवली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नोंदीत निर्मितीचं साल १९२० झालं आणि इंजिन नंबर ‘सी’सकट चढला.

जोडणी करताना ती पट्टी रंगवलेली नाही. रंगकामाच्या वेळी तिच्यावर कागदी चिकटपट्टी होती. आता वर ग्रीसचा पातळ हात आहे, आणि हेड गॅस्केट नवं तांब्याचं बसवलं आहे, म्हणजे पाणी पुन्हा तिच्यावरून ओघळणार नाही.